सांगोल्याला राहता यावं म्हणून आई अमेरिकन झाली

"झाल्या का आई अमेरिकन!" असं गेल्या महिन्याभरात चारपाच जणींनी तरी विचारलं. दोघींच्या आवाजात टोमणा होता, म्हणून हे लिहितेय. आई अमेरिकन झाली ती सांगोल्याला निवांत राहता यावं म्हणून.

उलटं वाटेल, पण ग्रीन कार्डाचं गणितच तसं आहे. कार्ड घेतलं की घर इथं अमेरिकेतच करायचं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर नागरिकत्वासाठी धरली जाणारी सलग पाच वर्षं अडचणीत येतात. वर्षभर राहिलात तर कार्डही धोक्यात. २०१६ पासून आई दिवाळीला गावी जायची आणि बागेतली डाळिंबं तोडणीला आली की परतीची बॅग भरायची. नेवार्कच्या विमानतळावर उतरल्यावर "किती दिवस बाहेर होतात?" असं विचारतील, या धास्तीनं तिला विमानात झोप लागायची नाही. सिटिझनला हा हिशेब कोणी विचारत नाही, आणि ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं त्या कार्डावर, भारतात हवं तितकं राहता येतं.

मग एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरायला घेतला. पाच वर्षांतल्या सगळ्या फेऱ्यांच्या तारखा हव्यात. पासपोर्टवरचे शिक्के पुसटलेले, तेव्हा लग्नपत्रिका आणि बारशाचे फोटो काढून बसलो. पुढे, आजवर वापरलेली सगळी नावं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं. हे "अदर नेम्स"मध्ये बसवताना आम्ही दोघी हसत होतो, पण पन्नास वर्षांत तिचं माहेरचं नाव कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

कम्युनिस्ट पक्षाशी कधी कसलाही संबंध आला का, असाही एक प्रश्न आहे. आईचा चेहरा गंभीर. "अगं, आम्ही जन्मभर गणपतरावांना मत दिलं. शेकाप चालतो का यांना?" सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झालेल्या, शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांचं नाव न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात असं निघेल, असं कधी वाटलं नव्हतं. मत दिलं म्हणून कोणी सदस्य होत नाही, असं वकिलांनी सांगितलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

आता माझं खरं म्हणणं. आपण आईवडिलांचे अर्ज विजेचं बिल भरावं तसे भरतो. "आई, इथं सही कर." ग्रुपवर सल्ले येतात ते "डॉक्टरचं सर्टिफिकेट जोड, परीक्षाच नको" असे. अहो, ती सूट खऱ्या आजारासाठी, अपंगत्वासाठी आहे. नुसतं वय झालं म्हणून ती मिळत नाही. वयाची सवलत वेगळी आहे: पन्नाशीच्या पुढे आणि ग्रीन कार्डाला वीस वर्षं, किंवा पंचावन्नच्या पुढे आणि पंधरा वर्षं झाली असतील तर इंग्रजी माफ, आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषा घेऊन मराठीतही देता येते. आईचं वय सत्तरीला टेकलं होतं, पण कार्डाची वर्षं कमी. म्हणजे इंग्रजीतून वाचा, लिहा, बोला.

ती जुनी अकरावी मॅट्रिक. दोनशे पानी वही आणली आणि परीक्षेचे शंभर प्रश्न देवनागरीत उतरवले. "हू वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट?" हाऊसमध्ये ४३५, सेनेटमध्ये १००, घटनादुरुस्त्या २७, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश ९, हे पाढ्यांसारखं पाठ. मुलाखतीत दहापर्यंत प्रश्न विचारतात, सहा बरोबर आले की थांबतात. आईचे पहिले सहाच्या सहा बरोबर आले आणि अधिकारी थांबला. बाहेर आल्यावर ही फुगलेली. "शंभर पाठ केले, आणि सहाच विचारले!" (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांतून वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर लागतात. जुनी पुस्तिका कोणाकडून मागून आणू नका.)

शपथेचं मात्र, फॉर्म भरतानाच, माझं चुकलं होतं. कायद्यानं सांगितलं तर शस्त्र उचलाल का, यावर "या गुडघ्यांनी?" म्हणून आई हसली होती, म्हणून पुढे शपथेतली ओळही मी भरभर वाचून दाखवली. परक्या राज्याशी असलेली सगळी निष्ठा सोडते, अशी. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याला परकं म्हणायचं?" माझ्या शपथेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले होते आणि दुपारी मीटिंगला हजर होते. हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. त्या रात्री फॉर्म मिटला आणि तिला सगळं नीट सांगितलं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. पासपोर्ट सरेंडर करावा लागेल. मतदान बंद. बाग तिच्या नावावर राहील, पण नवी शेतजमीन विकत घेता येणार नाही. तीन आठवडे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग एका सकाळी चहा गाळताना म्हणाली, "भर तो फॉर्म. मत द्यायला आता गणपतरावही नाहीत."

एक व्यवहाराचं सांगते. शपथेनंतर जुन्या पासपोर्टवर भारतात जाता येत नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय, यात वेळ जातो. घरात लग्न ठरलं असेल तर तारखा आधी जुळवा. आम्ही जुळवल्या नाहीत, आणि भाच्याचं लग्न आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. ते ती अजून ऐकवते.

परवा ओसीआय आलं. जायचं तिकीट काढलंय. परतीचं विचारलं तर म्हणाली, "डाळिंबं उतरू देत, मग बघू."