चाळीस सेकंद मागे

८ जून २०२५ च्या रात्री टेनिसपटू कार्लोस अल्काराझ फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात हरल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकले, त्याबद्दल मनापासून हळहळले आणि उठून भांडी घासायला गेले. अडचण एवढीच होती की तो हरलेला नव्हता.

आमच्याकडे फ्रेंच ओपन इंटरनेटवरून येते आणि आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या नानांकडे, ती गच्चीवरच्या डिशमधून येते. इंटरनेटवरचे चित्र आधी काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, मग ते तुकडे रवाना होतात, आणि त्यांतले काही साठवून ठेवल्याशिवाय आमचा टीव्ही दाखवायला सुरुवात करत नाही. या साऱ्या व्यवहारात नाना माझ्यापेक्षा सुमारे चाळीस सेकंद पुढे जगतात आणि तिकडचे वर्तमान मला खिडकीतून कळवतात.

नानांनी उभा जन्म तार कचेरीत काढला आहे. तारेचे पैसे शब्दावर मोजले जात, त्यामुळे पूर्ण वाक्य बोलणे ही त्यांना आजही उधळपट्टी वाटते. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली, पण नाना बंद झाले नाहीत. पाणी येणार नसेल तर ते जिन्यातून ‘पाणी नाही उद्या’ असे म्हणत खाली उतरतात आणि नातवाचा निकाल त्यांनी ‘पास, गणित काठावर’ असा संपूर्ण इमारतीला कळवला होता. बातमी आपल्या हाती आली की ती पुढे पोहोचेपर्यंत त्यांना घास गिळवत नाही. या गुणाबद्दल मला आदरच आहे. फक्त तो गुण त्यांनी टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीत अडकलेल्या सेटचा निकाल लागतो तेव्हा, दाखवू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्या संध्याकाळी यानिक सिनरने पहिले दोन सेट घेतले, तिसरा अल्काराझने काढला, आणि चौथ्यात ३–५ असा मागे असताना तो स्वतःच्याच सर्व्हिसवर ०–४० असा अडकला. सिनरला एकाच वेळी तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, म्हणजे तिनांतला एक जरी घेतला तरी विजेतेपद त्याचे. मी उशी छातीशी धरून बसले होते. माझ्या पडद्यावर अल्काराझ अजून चेंडू हातात घेत होता, तेवढ्यात वरून आवाज आला, “गेला!”

तार आली की आमच्या घरी आधी रडारड होई आणि मग कोणीतरी ती वाचून दाखवी. अशा घरात वाढलेल्या बाईला ‘गेला’ या शब्दाचा दुसरा अर्थ सुचणार तरी कसा? मी टीव्ही बंद केला. वरून आणखी दोनदा ‘गेला’ ऐकू आले, ते मी नानांच्या हळव्या स्वभावाच्या खात्यावर टाकले. भांडी घासली, ओटा पुसला, दुधाला विरजण लावले, आणि अर्ध्या तासाने वरून पुन्हा तोच टाहो आला, “गेला!”

एकदा गेलेला माणूस पुन्हा कसा जाईल, या विचाराने मी ओल्या हातांनीच जिना चढले.

“नाना, कोण गेला?”

“सेट. चौथा.”

“आणि मघाशी?”

“पॉइंट. तीन.”

“कुणाचे?”

“सिनरचे,” नाना दुःखाने म्हणाले. त्यांचा जीव सिनरवर आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. “हातातली मॅच. बघत नव्हतीस?”

तुमच्यामुळेच बघत नव्हते, हे मी जमेल तितक्या सौम्य शब्दांत सांगितले आणि चाळीस सेकंदांचे सारे शास्त्र समजावले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि आयुष्यात बहुधा प्रथमच मला एक संपूर्ण वाक्य दिले: “मग तू चाळीस सेकंद आधी लावत जा ना, अगं.”

यावर मला अजूनही उत्तर सुचलेले नाही.

नानांवर रागावता येत नाही, म्हणून सांगते: वर्षाची वर्गणी आगाऊ भरून मला मिळते ते हे उशिराचे टेनिस आणि वेळेवरच्या जाहिराती. खेळाडू बाजू बदलताना दीड मिनिट बसतात आणि तेवढ्यात एकाच टूथपेस्टची एकच बाई तीनदा हसते. परत येऊन पाहावे तर पहिली रॅली निम्मी संपलेली असते. उशीर व्हायचाच असेल तर जाहिरातींना का होत नाही? पूर्वी एकच वाहिनी होती, तिच्यावर ऐन सामन्यात व्यत्यय येई. पण तो साऱ्या देशाला एकाच क्षणी येई आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरही तेवढेच अज्ञान असे.

सामना ५ तास २९ मिनिटे चालला. या स्पर्धेच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला अंतिम सामना; आधीचा विक्रम विलांडर आणि विलास यांच्या १९८२ च्या सामन्याचा, ४ तास ४२ मिनिटांचा होता. त्यातला अर्धा तास वगळता सगळा सामना मी पाहिला. त्या अर्ध्या तासाबद्दल लोक अजून बोलतात आणि मी दह्याबद्दल बोलते. ते तीन पॉइंट मी नंतर कितीदा तरी पाहिले, पण निकाल ठाऊक असताना छातीशी उशी धरण्यात काय अर्थ आहे?

आता ओरडणार नाही, असे नानांनी वचन दिले आणि ते पाळलेही. पाचवा सेट ६–६ वर आला, दहा गुणांचा टायब्रेक सुरू झाला आणि वरचा मजला इतका शांत होता की मला त्यांचे कौतुक वाटू लागले. अल्काराझने ओळीने सात गुण घेतले तरी छतातून हूं की चूं नाही. मग माझा फोन वाजला. सोसायटीच्या गटावर नानांचा संदेश होता, दोन शब्दांचा: “अभिनंदन. अल्काराझ.”

माझ्या पडद्यावर तेव्हा ९–२ झाले होते आणि अजून कोणीही काहीही जिंकलेले नव्हते.