स्रोत : सिस्टीम

डेटाबेसच्या टेबलात, कुठली माहिती कुठून आली हे सांगणारा ‘स्रोत’ नावाचा रकाना ठेवावाच लागला, तर घाबरू नका. त्याचा प्रकार साधा टेक्स्ट ठेवा, नल (म्हणजे रिकामी जागा) चालू द्या आणि डिफॉल्ट व्हॅल्यू ‘सिस्टीम’ द्या. थोड्याच दिवसांत तिथे ‘सिस्टीम’, ‘सिस्टम’, ‘एक्सेल’, ‘फायनल एक्सेल’ आणि ‘साहेबांनी सांगितलं’ एवढा ऐवज जमेल.

जन्मतारखेचंच बघा. एका दाखल्यावर १२ मार्च १९६८ आहे, दुसऱ्या अर्जावर नुसतंच १९६८. दोन्ही दावे वेगळ्या ओळींत ठेवायचे, प्रत्येकापुढे कोण म्हणालं, कुठल्या कागदावर, तो कागद कधी पाहिला हे नोंदवायचं, म्हणजे एका टेबलाची तीन टेबलं. कोणी सांगितलाय उपद्व्याप! रकाना तारखेचा असल्यामुळे लोडिंग स्क्रिप्ट १९६८ ला इमानेइतबारे १ जानेवारी चिकटवेल. ही फाइल नंतर आली, म्हणून अपडेट १२ मार्चवर बोळा फिरवेल. पुढे १ जानेवारीला जन्मलेल्यांची झुंबड दिसली, तर तिचा छानसा आलेख काढा.

‘बदल करणारा’ या रकान्यात रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबचं यूजरनेम आहेच. म्हणणारा कोण आणि नोंदवणारा कोण, हा फरक काथ्याकूट करणाऱ्यांसाठी सोडा. त्यांच्यासाठी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१३ मध्ये ‘प्रोव्ह’ हे मानक काढलंय : वस्तू, क्रिया आणि कर्ता, आणि कशापासून काय निघालं हे दाखवणारे बाण. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड डेटाबेसवाले तर चुकीचं ठरलेलं विधानसुद्धा पुसत नाहीत. त्याचा दर्जा उतरवतात, वर कारण नोंदवायची सोय ठेवतात. तुम्ही सरळ ओव्हरराइट करा. जागा वाचते.

स्रोत हवाच म्हणून अगदीच कोणी हटून बसलं, तर दोन डेटाबेस एकमेकांकडून भरून घ्या. पहिल्याचा स्रोत दुसरा, दुसऱ्याचा पहिला. तिसरा दोघांकडून उचलेल. झाले तीन ‘स्वतंत्र’ दुजोरे! त्यावर ०.८७ असा विश्वासांक टाका. ०.९ लिहिलंत तर कोणी विचारेल कसा काढला; दोन दशांश स्थळं दिसली की माणसं गप्प बसतात.

आणि पुढच्या मायग्रेशनच्या, म्हणजे डेटा नव्या ठिकाणी हलवायच्या वेळी ‘स्रोत’ रकान्यात ‘सिस्टीम’शिवाय फारसं काही नाही, हे आकडेवारीनिशी दाखवा. मंजुरी लगेच मिळते. रकाना ड्रॉप करा. बॅकअप घ्यायचा राहिला तरी बिघडत नाही.