पेढे कुठल्या निकालाचे?

शनिवारी बंड्या पेढ्यांचा बॉक्स घेऊनच कट्ट्यावर आला. 2008च्या मालेगाव बॉम्बस्फोटाचा निकाल 31 जुलै 2025ला लागून दोन दिवस झाले होते.

"सातही जण निर्दोष! न्यायदेवतेचा विजय असो!" म्हणत त्याने पहिला पेढा स्वतःच्याच तोंडात टाकला.

नानांनी बॉक्सकडे पाहिलंही नाही. नाना कोर्टातले शिरस्तेदार. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण बोलताना अजून फाइल उघडल्यासारखं वाटतं. "बंडोपंत, 21 जुलैला इथेच उभे राहून तुम्ही काय म्हणालात? कोर्टांना टाळं ठोका."

"ती केस वेगळी, नाना! 11 जुलै 2006ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट, 180च्या वर माणसं गेली आणि हायकोर्ट बाराही जणांना सोडतं? खालच्या कोर्टाने पाच जणांना फाशी दिली ती काय उगाच? रक्त खवळलं माझं!"

(बंड्याचं रक्त दुधासारखं उतू जातं. गॅस बंद करायला दरवेळी दुसरं कोणीतरी लागतं.)

"का सोडलं, ते वाचलंत?"

"त्यात वाचायचं काय?"

"तुम्हाला कालचा रिक्षावाला आठवतो? तिथे टॅक्सीवाल्यांना शंभर दिवसांनंतर चर्चगेटला सोडलेलं गिऱ्हाईक आठवलं. ओळखपरेड घेतली, तर घेणाऱ्याला अधिकारच नव्हता. कबुलीजबाब एकमेकांवरून उतरवल्यासारखे. आणि बॉम्ब नेमका कसला होता, हे 19 वर्षांत रेकॉर्डवर आलं नाही. मोक्का लावला की पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली चालते ना, मग बाकीचा पुरावा कशाला कोण जमवतंय!"

"पण सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली की!"

"इतर खटल्यांत या निकालाचा दाखला देऊ नका, एवढ्यापुरती. सुटलेल्यांना परत तुरुंगात बोलावलेलं नाही. त्यातला एक 2021 मध्येच तुरुंगात वारला. त्याला कोणी कळवायचं?"

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे!"

"मी पक्याच्या बाजूचा."

सगळे गप्प. पक्या त्या संध्याकाळी बॉम्बच्या शेजारच्या सेकंड क्लासमध्ये होता. माहीम. तेव्हापासून डावा कान गेला. तो त्यावर बोलत नाही. 11 जुलैला कट्ट्यावर येत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

"याचा कान कोणी फोडला, हे 21 तारखेला कळलं नाही," नाना म्हणाले. "मालेगावच्या सहा घरांना 31 तारखेला कळलं नाही. एकदा तुम्ही टाळं घेऊन आलात, एकदा पेढे. ज्यांना धड केस उभी करता आली नाही, त्यांच्यावर चिडलात कधी?"

"तपास करणारे काय मुद्दाम..." बंड्या अडखळला.

"नाना, ओळखपरेडीचं त्याला नका सांगू," पक्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "94 साली क्लबातला कॅरमचा स्ट्रायकर गेला. याने अख्ख्या चाळीपुढे मला उभं करून 'हाच तो' म्हणून बोट दाखवलं. बापाने पट्ट्याने फोडला मला. गणपतीत स्ट्रायकर सापडला कुठे? याच्याच दाढीच्या डब्यात!"

"अरे, तो कोणीतरी ठेवला होता तिथे!"

"बघा," नाना म्हणाले, "आरोपीचा बचाव आला."

मग काय, स्ट्रायकरवरून 96ची वर्गणी निघाली, वर्गणीवरून बंड्याच्या मेहुण्याचा मंडप. तो मंडप विसर्जनाच्या आधीच पडला होता आणि त्यालाही आजवर कोणी दोषी ठरलेलं नाही. मी मध्ये पडलो तर माझ्यावर 2003च्या सहलीचा हिशेब आला, म्हणून गप्प बसलो.

बंड्या हार मानणारा नव्हे. उठून पक्याच्या पलीकडे जाऊन बसला आणि खांद्यावर हात टाकून सुरू झाला. देश, कायदा, सैन्य, मानवाधिकारवाले, पुन्हा देश. पाच-सात मिनिटं तरी. पक्या समोरच्या सिग्नलकडे बघत मान डोलवत होता.

"पटतंय ना तुला?" बंड्याने शेवटी त्याला हलवलं.

पक्या वळला. "अरे, तू बोलत होतास? इकडून ये ना. त्या बाजूला 2006पासून कोणी राहत नाही."

नानांना ठसका लागला. बंड्याही हसला, जरा उशिरा. बॉक्स फिरला, पेढे संपले. पक्याने दोन घेतले.