स्विचचा आयपी कोणाला ठाऊक आहे?

नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅक्सेस स्विचचा, म्हणजे संगणक-प्रिंटर केबलने ज्याला जोडतात त्या यंत्राचा, आयपी पत्ता (नेटवर्कवरची त्याची अंकी ओळख) विचारला की लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. बसवणारा कंत्राटदार १९२.१६८.१ च्या मालिकेतला हाताला लागेल तो पत्ता टाकून, बिल घेऊन निघून जातो आणि तो पत्ता डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेच्या) वाटपातून वगळण्याचे भान कोणालाच राहत नाही. मग एके दिवशी स्टोअरमधल्या प्रिंटरला नेमका तोच पत्ता मिळतो आणि स्विचचे लॉगिन उघडायला जावे, तर समोर शाईची पातळी दाखवणारे पान येते. स्विच मात्र फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, पुढे पाठवतच राहतो, कारण त्या कामाला त्याचा स्वतःचा आयपी लागतच नाही. त्यामुळे ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता?’ हे साहेबांचे उत्तर ठरलेले असते. स्विचच्या व्यवस्थापनासाठी वेगळे व्हीलॅन (त्याच स्विचवरचे आभासी वेगळे नेटवर्क) आणि /२४ चे स्वतंत्र सबनेट (पत्त्यांचा गट) ठेवले, तर २५४ पत्ते हाताशी येतात. प्रत्येक शेडला दहा-दहा दिले तरी पुरून उरतात. हे सारे फुकटात होणारे आहे. तरीही नव्या शेडमध्ये आराखड्याआधी केबल ओढून झालेली असते आणि पत्त्यांची एक्सेल शीट, अर्थातच, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर असते.