‘घरबसल्या चर्च’ म्हणणाऱ्या वाचकाला

स्कॉटलंडच्या चर्चच्या इतिहासाचा जो ऑनलाइन अभ्यासक्रम मी करतोय, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: प्रेसबिटेरियन चर्चचा (बिशपऐवजी सभांनी चालणारा प्रोटेस्टंट पंथ) वारसा शिकायचा तर स्कॉटलंडला जावं, दगडांना हात लावावा. नोकरी सांभाळून, नागपुरात रात्री लॅपटॉपपुढे बसून केलेला अभ्यास म्हणजे सर्टिफिकेटचा शौक. वर ‘साहेबाच्या चर्चमधली भांडणं आपल्याला कशाला?’

शौक आहे, कबूल. पण दगडांचं तेवढं पटलं नाही. इटलीतल्या चर्चेसबद्दल बोलत असता तर मी गप्प बसलो असतो. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमधल्या चर्चमधून मूर्ती गेल्या, वेद्या गेल्या. या लोकांनी जिवापाड जपलं ते कागद. पाळक (धर्मगुरू) आणि ‘वडील’ (चर्चच्या कारभारात बसणारे ज्येष्ठ सभासद) यांची गावपातळीवरची सभा म्हणजे किर्क सेशन. तिची शेकडो वर्षांची इतिवृत्तं आहेत. रविवारी कोणी जाळं टाकलं, कोणाला पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलं, कोणत्या विधवेला गरिबांच्या पेटीतून किती दिले. यातली बरीच पानं आता स्कॅन होऊन नेटवर आली आहेत. एडिनबर्गचा विद्यार्थी जे पान बघतो, तेच मी बघतो.

आणि ते बघणं सोपं नाही हो. सतराव्या शतकातलं हस्ताक्षर वाचताना पहिले दोन महिने मी रडकुंडीला आलो होतो. ‘एच’ उलटा कलंडलेला, ‘ई’ पाठमोरा, आणि ‘व्हिच’ हा साधा शब्द ‘क्यू-यू-एच’ने सुरू होणारा! एका रात्रीत चार ओळी लागल्या तर मी स्वतःला शाबासकी द्यायचो. वर्ग तिकडच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या साडेदहाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. सकाळी सातची शाळा असते मला. त्यामुळे ‘घरबसल्या’ या शब्दाचा जरा रागच आला.

आता भांडणं. १८ मे १८४३ ला एडिनबर्गमध्ये स्कॉटलंडच्या चर्चची महासभा भरली आणि थॉमस चामर्स वगैरे मंडळी उठून बाहेर पडली. एकूण साडेचारशेवर पाळकांनी घर आणि पगार सोडला. कारण काय, तर गावाचा पाळक कोण हे जमीनदाराने ठरवायचं की मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांनी. त्यातून फ्री चर्च निघालं. १८४५ मध्ये नागपुरात आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच फ्री चर्चचा. ज्याच्या नावाच्या कॉलेजात अर्धं नागपूर शिकलं, तो आपल्याकडे आला त्याच्या मागे हे भांडण आहे. (तो १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना ओढ्यात बुडाला. तो अभ्यासक्रमात नाही, माझा मीच शोधत बसलो.) फुटलेली ती चर्चेस तिकडे बऱ्याच अंशी १९२९ पर्यंत एकत्र आली. इकडे उत्तर भारतातल्या चर्चेसचं ऐक्य १९७० मध्ये झालं, तेही नागपुरातच.

एका बाबतीत मात्र तुमचं खरं आहे. प्रभुभोजनाला बसण्याची पात्रता दाखवणारी शिशाची बिल्ली असायची, गावाची आद्याक्षरं उठवलेली. तिचा फोटो मी शंभरदा पाहिलाय. ती तळहातावर किती जड लागते ते मला माहीत नाही. गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) स्तोत्रगायनाचंही तसंच. एक जण ओळ उचलतो आणि बाकीचे आपापल्या गतीने तिच्यामागे जातात. हेडफोनमध्ये ते नुसता गलका वाटतं.

‘साहेबाचं चर्च’ यावर एवढंच: माझे आजोबा आमच्या मंडळीत वडील होते. त्यांच्याकडे राहून गेलेली सभेची एक वही घरी आहे. तिच्यात ‘गरीब फंडातून रु. २’ अशी नोंद दिसली, तेव्हा हा अभ्यासक्रम घ्यावासा वाटला. त्या वहीतली दोन पानं मोडीत आहेत आणि मला अजून लागलेली नाहीत. तुम्हाला मोडी येत असेल तर कळवा, फोटो पाठवतो.