सूत जुळेना

आमच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बिडाचं एक धूड उभं आहे. एका अंगाला रंधा, दुसऱ्या अंगाला गोल करवत, शाफ्टच्या टोकाला ड्रिलचा चक. कोल्हापुरातली एक वखार बंद पडली तेव्हा मी ते उचललं. निवृत्त झालो की सुतारकाम करायचं म्हणून. मी ठरल्याप्रमाणे निवृत्त झालो. मशीनलाही तेच करायचं होतं, हे श्रावणात कळलं.

झालं असं की पंगतीत, तिसऱ्या पुरणपोळीच्या भरात, मी मेव्हण्याला म्हणून गेलो, "यंदाच्या गणपतीला सागवानी चौरंग माझ्याकडून." दोन पाय झाले. तिसरा रंध्यावर धरला आणि एरवी भजन गुणगुणल्यासारखं चालणारं मशीन एकदम किंचाळलं. मग करपट वास. मग शांतता. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी "बंद पडलं का हो?" असं विचारलं. त्या आवाजात काळजी कमी आणि आशा जास्त होती.

आधी म्हटलं, बनवणाऱ्यालाच विचारू. पण नावाच्या पट्टीवर वखारवाल्यानं रेड ऑक्साइडचे तीन हात दिलेले. खरवडून खरवडून शेवटची अक्षरं तेवढी हाती लागली : 'टाला'. हे पंजाबातलं बटाला असणार, तिकडे ओतकामाचे आणि मशिनांचे कारखाने आहेत, असा माझा निष्कर्ष. हा गावाचा पत्ता नसून मराठीतला इशारा आहे, फक्त 'ळ' चुकलाय, असं बायकोचं मत.

एका विक्रेत्याला फोन लावला. त्यानं मॉडेल नंबर विचारला. मी रंग सांगितला. त्यानं नव्या मशीनचं कोटेशन पाठवलं.

शेवटी उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगरात सगळं बनतं, यावर कोल्हापूरकराची श्रद्धा अंबाबाईच्या खालोखाल. आणि ते खरंही आहे. फक्त सगळं एका माणसाकडे बनत नाही. मोटार सोडवून रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "स्टार्टिंगची वायंडिंग जळलीया, ती भरतो. पण मोटारीचा काय दोष न्हाई मालक, फुडं कायतरी जाम हाय." पुढं म्हणजे बेअरिंग. रॉकेलमध्ये धुतल्यावर कडेचा नंबर दिसला, 6205. आतलं भोक 25 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 52. भारतभर कुठल्याही हार्डवेअरच्या गल्लीत मिळेल असं हे बेअरिंग. मी खूश. दुकानदारानं माझ्या हातातला शाफ्ट बोटानं चाचपला आणि म्हणाला, "नवं बेरिंग ह्याच्यावर नाचंल. लेथवाल्याकडं जावा." लेथवाल्यानं वेल्डिंग भरून शाफ्ट टर्निंग करून दिला, वर विचारलं, "पुलीची खाच कुणी खाल्ली?" जणू मीच रात्री उठून खातो. पुलीवाल्यानं पट्ट्याला नावं ठेवली. पट्टेवाला म्हणाला, "एवढा ताण कशापायी दिलाय? त्यानंच बेरिंग गेलं." अशी एक प्रदक्षिणा पूर्ण झाली.

घरी येऊन मशीन बघायला कुणी तयार नव्हतं. "घेऊन या की." दीडशे किलोचं बीड! "मग जागंवरच बघाय लागंल." या. "हितनं हलता येत न्हाई."

मशीन सगळीकडून बघितलं ते एकाच माणसानं. भंगारवाल्यानं. तो न बोलवता आला, धुडाभोवती फिरला, टेबलावर टिचकी मारून आवाज ऐकला, वाकून खालची बैठक पाहिली आणि मोठ्या आदरानं म्हणाला, "असलं बीड आता येत न्हाई." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या निवडीचं कौतुक केलं होतं. त्यानंतर त्यानं किलोचा भाव सांगितला. मोटारीतल्या तांब्याचा वेगळा.

खरी फजिती बोल्टानं केली. बेअरिंगच्या टोपणाचा एक बोल्ट खोलताना तुटला होता. नवा अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती आणला. दोन आटे गेला आणि रुसला. मी पान्याला पाइप लावून जोर करणार, तेवढ्यात लेथवाल्याचा फोनवरून ओरडा आला, "थांबा, बीड फुटंल!" भानगड अशी की जुना बोल्ट व्हिटवर्थ आट्याचा. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज साहेबानं 1841 मध्ये ठरवलेला. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचात 12 आटे. मी आणला तो अमेरिकन पद्धतीचा, इंचात 13. जाडी तीच, पण एका आट्यासाठी सूत जुळेना. मेट्रिकचा कायदा देशात 1956 सालीच झाला, पण तो आमच्या मशीनपर्यंत पोचलेला नाही. म्हणजे बेअरिंग मिलिमीटरचं, बोल्ट इंची, आणि मालक फुटाफुटानं खचलेला. अखेर जुन्या बोल्टांनी भरलेल्या एका डब्यात तासभर हात काळे केल्यावर जोडीदार सापडला.

मोटार भरून आली. बटण दाबलं. मशीन गोड गुणगुणलं, पण उलटं! करवतीचे दात लाकडाला पाठ दाखवून फिरत होते. उलट्या फिरण्यानं करवतीचा नट ढिला होतो हे माहीत असल्यानं मी आधी बटण बंद केलं आणि मग रिवाइंडिंगवाल्याला फोन. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही मशीन उलटं तर ठेवलं न्हाई न्हवं?" मग स्टार्टिंगच्या दोन वायरी अदलाबदल करायला सांगितल्या. तेवढंच होतं.

रंध्याची पाती मीच बसवली. वायर भिंतीतून काढून ठेवली. लाकूड बाहेर पडतं त्या बाजूच्या टेबलावर एक सरळ पट्टी ठेवायची, पात्यांचा रूळ हातानं सावकाश फिरवायचा. पात्यानं पट्टी जेमतेम टेकून तीनेक मिलिमीटर सरकवली की जमलं. प्रत्येक पात्याला, दोन्ही टोकांना. एक टोक धरलं की दुसरं सुटतं. रात्रीचे अकरा वाजले, पण सगळं बसलं.

सगळं म्हणजे, एक जाड वायसर सोडून. तो जमिनीवर नुसता पडून होता. मी मशीनभोवती तीन फेऱ्या मारल्या, त्याची जागा कुठंच दिसेना. बटण दाबलं, मशीन सरळ फिरलं, किंचाळलं नाही. मी वायसर खिशात टाकला.

हरितालिकेच्या रात्री चौरंग पुरा झाला. मेव्हण्याकडे नेऊन ठेवला, तर तो डुगडुगला. चौथा पाय एक सूत कमी भरला होता. खिशात हात गेला. वायसर बरोब्बर एक सूत जाड.

आरती झाल्यावर मेव्हणा खाली वाकला. "दाजी, ह्यो वायसर कुठला?"

"मशीन जोडताना शिल्लक राहिला होता."

"मग तिथं आता काय घातलंय?"

मी मोदकांचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.