पाचपैकी किती?

लेखात विचारलंय, सध्या काय वाचताय आणि पाचपैकी किती तारे द्याल? माझ्याकडे आनंद यादवांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी सुरू आहे, दुसऱ्यांदा. साडेचार. मधल्या पानांत मोट, पाणी, ढोरं हे जरा फिरून फिरून येतं, म्हणून अर्धा कापला. पण बाप शाळेला पाठवेना म्हणून आई आणि पोरगं गावातल्या बड्या दत्ताजीरावांच्या वाड्यावर जातात, ‘आम्ही आलो होतो हे सांगू नका’ असं बजावून येतात आणि मग बापाची जी हजेरी घेतली जाते, तो भाग लई भारी! यादवांचं गाव कागल आमच्या कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे ती बोली वाचताना कानात वाजतेच. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी पहिली पन्नास पानं दमानं घ्यावीत.

‘ययाति’ला मात्र मी तीनच देईन. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, ते आमच्या कोल्हापूरचे, हे सगळं मान्य. तरी त्यातली भाषणं मला जड जातात. शिव्या घाला खुशाल.

बाकी ताऱ्यांवर माझा फार भरवसा नाही. ऑनलाइन बघा, ‘पुस्तक छान, कोपरा दुमडलेला आला, एक तारा’! त्यापेक्षा आमच्या कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या वाचनालयात कपाटासमोर उभं राहावं आणि ज्याचं बाइंडिंग सगळ्यात खिळखिळं झालंय ते पुस्तक घरी न्यावं. माझं पुढचं तसंच ठरणार आहे. तुमच्यापैकी कुणी अलीकडचं चांगलं ग्रामीण लेखन वाचलं असेल तर नाव टाका, पण का आवडलं तेही लिहा राव.